टिप कोणत्या खात्यावर टाकायची?

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात झाली. तिथं गेलेल्या प्रत्येक पैशाला एक शीर्ष लागायचं : ऊसतोडणी, वाहतूक, दुरुस्ती, देणगी. ज्याचं शीर्ष ठरत नाही ते सस्पेन्स खात्यावर टाकायचं आणि ऑडिटर दारात उभा राहण्याआधी ते खातं मोकळं करायचं. निवृत्तीनंतर घरखर्चाची वही मी त्याच शिस्तीत लिहिते. दूध, वीज, औषधं, गणपतीपुढं ठेवलेले अकरा रुपये, सगळ्यांना जागा आहे. जागा सापडत नाही ती गॅसवाल्याच्या तीस रुपयांना, हॉटेलात बडीशेपेच्या बशीत ठेवलेल्या पन्नासला, दवाखान्यातल्या मावशींच्या हातात दिलेल्या नोटेला. ती रक्कम सस्पेन्सला जाते. आणि इथं ऑडिटरही मीच असल्यामुळे ते खातं वर्षानुवर्षं तसंच पुढं ओढलं जातं.

आमचे हे म्हणतात, "किरकोळ म्हणून लिही आणि मोकळी हो." रक्कम किरकोळ आहे खरी. पण शीर्ष बदललं की माझं कर्तव्य बदलतं, त्याचं काय? ती मजुरी असेल तर न देणं म्हणजे कुणाचे तरी पैसे बुडवणं. ते दान असेल तर न देण्याची मला मुभा आहे, पण मग समोरचा माणूस याचक ठरतो. आणि ती लाच असेल तर देऊच नये. एकच नोट तीन शीर्षांखाली बसू शकते आणि प्रत्येक ठिकाणी मी वेगळी बाई असते.

गॅसवाल्यापासून सुरुवात करते, कारण तो हिशेब सोपा दिसतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीच्या लोखंडाचं वजनही जवळपास तेवढंच, थोडं जास्तच. म्हणजे खांद्यावर तीस किलो. आमची इमारत जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, वर काही द्यायचं कारण नाही. कायद्याच्या भाषेत माझं देणं शून्य. पण आमच्याकडे येणारा मुलगा सांगतो, "काकू, एजन्सी टाकीमागं देते. जिना किती, हे कुणी विचारत नाही." तळमजल्याला आणि तिसऱ्या मजल्याला दर तोच. तळमजल्यावरच्या शिंदेबाईंपेक्षा मी त्याच्याकडून चाळीसभर पायऱ्यांचं काम जास्त करून घेते आणि त्याचं व्हाउचर कुठंच फाटत नाही.

या व्हाउचरचा शोध घेत मी वाचनालयातून पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड आणले. शास्त्र म्हणजे सोवळं-ओवळं अशी माझी समजूत होती. निघाला तो हिशेब विभाग. राजाच्या न्यायसभेपुढं येणाऱ्या वादांची मनूनं अठरा शीर्षं केली आहेत. त्यांत दिलेलं दान परत घेण्याचा वाद हे एक शीर्ष आणि कामाचं वेतन न देण्याचा वाद हे दुसरं. दोन्ही अगदी शेजारी, पण वेगळी. दान आणि वेतन एकाच खात्यावर टाकायचं नाही, ही शिस्त तेव्हाही होती.

याज्ञवल्क्यानं वेतनाच्या प्रकरणात एक नियम दिलाय, तो वाचून मी पेन्सिलनं वहीत उतरवून घेतला. मजुरी न ठरवताच एखाद्यानं काम करून घेतलं, तर त्या व्यापारातल्या, जनावरांच्या किंवा शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजानं त्या माणसाला देववावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेच : बोलणं झालं नसेल तर शेतात राबणाऱ्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा, मालकाच्या वतीनं विक्री करणाऱ्याला मालाचा दहावा भाग. आणि याज्ञवल्क्य लगेच पुढं म्हणतो की ठरल्यापेक्षा जास्त काम झालं असेल तर जास्त द्यावं. हॉटेलात आपण दहा टक्के ठेवतो, त्याचा आणि याचा काही संबंध आहे असं मी म्हणणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मजुरीबद्दल कुणी बोललंच नाही, तर त्या न बोलण्याचा फायदा काम करून घेणाऱ्याला मिळत नाही. आपण तर उलट समजतो. पावतीवर नाही, म्हणजे देणं नाही.

तेव्हा तिसऱ्या मजल्याचे तीस रुपये मजुरी. एक नोंद सस्पेन्समधून निघाली. पण हॉटेलच्या बशीतल्या पन्नासला हा न्याय लावला तेव्हा आमच्या वन्सं मध्ये पडल्या. त्या रोज गीतेचा एक अध्याय म्हणतात. त्यांचं म्हणणं, "अगं, भाव शुद्ध असला की ते दानच. सगळ्याला मजुरी म्हणून कशाला कोरडं करतेस?"

वन्संच्याच सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. देणं हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेनं, स्थळ, काळ आणि पात्र पाहून, ज्यानं आपलं काही केलेलं नाही आणि जो परतफेड करणार नाही त्याला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, मान न ठेवता आणि तुच्छतेनं दिलेलं ते तामस. आता वेटर या कसोटीवर उभा करा. त्यानं माझं काही केलेलं नाही? त्यानं तर आत्ताच मला तीनदा आमटी वाढली. सात्त्विकाची पहिली अटच इथं मोडते. पुढच्या खेपेला खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून दिली तर ती राजस. आणि आमच्या भावजींसारखं, "ए छोटू" करून चाळिशीच्या माणसाला हाक मारायची, पापड बदलून आणायला लावायचे आणि जाताना मान वर न करता दहाची नोट सरकवायची, हे तर तामसच. टिपेला दान म्हटलं की ती दानाच्या परीक्षेत नापासच होते, भाव कितीही शुद्ध असो.

वन्संना खरा त्रास वेगळा आहे, तो मला कळतो. मजुरी म्हटलं की त्यातलं पावित्र्य जातं, असं त्यांना वाटतं. पण सत्यनारायणाला गुरुजी येतात तेव्हा आपण त्यांना दक्षिणा देतो. ती काय असते? हा वाद मीमांसकांनी घातलेला आहे. यज्ञातल्या ऋत्विजांना दिलेली दक्षिणा हे अदृष्ट पुण्यासाठीचं दान की त्यांच्या कामाचं मोल? जैमिनीच्या परंपरेनं उत्तर दिलं : मोल. ऋत्विजांना कामासाठी आणण्याचा तो मोबदला. यावरूनच पुढचा निकाल लागतो. सत्र नावाच्या यज्ञात यजमान स्वतःच ऋत्विज असतात, तिथं दक्षिणा नाही, कारण मोल देऊन आणायला दुसरं कुणी नाहीच.

मला हा निकाल फार आवडला. वेदाचा शब्दन् शब्द पारखणाऱ्या लोकांनी यज्ञातला पैसा मजुरीच्या शीर्षाखाली घातला आणि यज्ञ काही बाटला नाही. सत्राचा न्याय तर आजही चालतो. वारीत दिंडीच्या पंगतीला वाढणाऱ्याला कुणी टिप देत नाही, गुरुद्वाराच्या लंगरमध्येही नाही. तिथं वाढणारा आणि जेवणारा अशा दोन बाजूच नसतात. आज वाढणारा उद्या पानावर बसतो. जिथं बाजू दोन आहेत, एक बसून आहे आणि दुसरा उभा आहे, तिथं मोल आलं. ते मान वर करून द्यावं आणि मान वर करून घेता यावं.

इथपर्यंत माझा हिशेब जुळत होता. तो अडला भाचीच्या बाळंतपणात. मुलगी झाली. वॉर्डातल्या दोन मावशी खोलीत आल्या, बाळाला दुपट्यात गुंडाळून आमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "लक्ष्मी आली, काय समजून द्यायचं ते द्या." शेजारच्या खोलीत त्याच दुपारी मुलगा झाला होता. तिथं त्याच मावशी म्हणत होत्या, "हजाराच्या खाली घेणार नाही, आज्जी!" काम तेच. तीच रक्तानं भरलेली चादर, तेच पुसणं, तीच रात्रपाळी. दर मात्र घरच्यांच्या आनंदावर ठरत होता. मी मुलाचा दर विचारला आणि तेवढे दिले. मावशी संकोचल्या, मग त्यातली एक म्हणाली, "आमचं काय, ताई. कंत्राटदार देतो त्यात भागत नाही. लोक खुशीत असले तर आमचा दिवस बरा जातो."

लोकांच्या खुशीवर ज्याचा दिवस अवलंबून, त्याच्या पोटाचा मालक कोण, हे मला त्या वाक्यात दिसलं. मुलीच्या जन्माला कमी भाव त्या मावशींनी नाही ठरवला. आमच्यासारख्या घरांनी तो ठरवला, त्यांनी फक्त बाजारभाव ओळखला.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. बलुत्याची पद्धत आपण कधीकधी फार गोड करून सांगतो : गावानं कारागिराला सांभाळलं, सुगीला धान्य दिलं. ते धान्य हक्काचं होतं म्हणे. पण ते प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन मागावं लागे. पेंढी कुणी मोठी द्यायची, कुणी हडतूड करून द्यायची, हे देणाऱ्याच्या मनावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्यात एक मागणी हिशेबनिसाच्या नजरेनं वाचण्यासारखी आहे. बलुत्याच्या जागी रोख रकमेचा कर बसवावा, तो शेतसाऱ्याबरोबर गोळा व्हावा आणि त्यातून महारांच्या कामाचा मोबदला मिळावा. घेणारा तोच, देणारे तेच. मधून फक्त एक गोष्ट काढायची : खळ्यावरचं उभं राहणं. तेवढ्यालाही विरोध झाला. वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. मला वाटतं, देणाऱ्यांना धान्याची चिंता कमी होती. उभं राहणारा माणूस हातातून जाईल, ही चिंता मोठी होती.

गिरण्यांची गोष्टही याच वाटेची. पहिल्या महायुद्धाच्या काळात नफा वाढला तसे मुंबईचे गिरणीमालक कामगारांना बोनस देऊ लागले. १९२३ चा बोनस त्यांनी नाकारला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या संपानं बंद पडल्या. मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कसलाच हक्क पोचत नाही. मालकाची मर्जी ती. पुढं १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि कालांतरानं त्यात किमान ८.३३ टक्के हा आकडा आला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिना. आमच्या कारखान्यात दिवाळीआधी बोनसच्या रजिस्टरवर सह्या व्हायच्या. एकानंही कधी माझे किंवा चेअरमनचे आभार मानले नाहीत. उलट दोन रुपये कमी दिसले तर काउंटरवर हात आपटून विचारायचे. हक्काच्या पैशाला तोच आवाज शोभतो.

या दोन गोष्टींशेजारी आजची टिप ठेवून बघा. अमेरिकेत टिपेवर काम करणाऱ्याला मालकानं द्यायचं किमान रोख वेतन केंद्रीय कायद्यानुसार तासाला २.१३ डॉलर आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून ७.२५ डॉलरपर्यंत पोचलं नाही तर फरक मालकानं भरायचा, असं कायदा म्हणतो. मुलीकडे न्यूजर्सीला गेले तेव्हा बिलाच्या पडद्यावर अठरा, वीस, बावीस टक्के अशी बटणं होती आणि पडदा आमच्यापुढं धरून ती मुलगी हसत उभी होती. तिथलं खळं काचेचं आहे, एवढाच फरक. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी टिपांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे, आणि सेवा किती चांगली याचा टिपेच्या आकड्याशी दुवा फार क्षीण निघतो. म्हणजे चांगल्या कामाला बक्षीस, ही आपली समजूतही आपल्याच समाधानासाठी.

आपल्याकडे २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं हॉटेलांना बजावलं की सेवाशुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. द्यायचं तर गिऱ्हाइकानं राजीखुशीनं. गिऱ्हाईक म्हणून माझी त्यात सोय झाली, कारण ते शुल्क वाढणाऱ्याच्या खिशात जातं की मालकाच्या गल्ल्यात, हे कळायचा मार्ग नव्हता. पण राजीखुशी माझी, आणि त्यावर भरणारं पोट दुसऱ्याचं, ही गाठ काही सुटली नाही. गाडी बोलावतानाच टिप कबूल करायला लावणाऱ्या ॲपच्या प्रकाराबद्दलही याच प्राधिकरणानं २०२५ च्या मे महिन्यात नोटीस काढली. तिथं मात्र माझा गोंधळ नाही. कामाआधी, माझी गाडी आधी यावी म्हणून दिलेली रक्कम ही बोली आहे. सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर लवकर मिळावं म्हणून दिलेली लाच आहे. दोन्हींत माझ्यामागं उभ्या असलेल्या, न देऊ शकणाऱ्या माणसाची पाळी मी विकत घेते.

मग शीर्ष कोणतं? मला ते तैत्तिरीय उपनिषदात सापडलं, असं म्हणायला हरकत नाही. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू सांगतो, श्रद्धेनं दे, ऐपतीला शोभेल असं दे, समजून दे. हे ठीक. पण त्यात तो असंही सांगतो की लाजून दे, भिऊन दे. लाज आणि भीती, आणि तीही देणाऱ्याला! आपण तर लाज घेणाऱ्याच्या वाट्याला ठेवलेली. देणारा केव्हा लाजतो? त्याच्याकडं दुसऱ्याचं काहीतरी बाकी असतं तेव्हा. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मताच ऋणी असतो असं सांगताना देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर चौथं ऋण माणसांचं मोजलं आहे. पहिली तीन ऋणं आपण श्राद्धपक्षात, व्याख्यानांत घोकतो. चौथं बहुतेक ठिकाणी गळून पडतं.

हिशेबाची रीत अशी की खर्च आणि देणं वेगळं. देणं फेडलं त्या दिवशी खर्च पडत नाही. तो आधीच पडलेला असतो, फक्त बाकी चुकती होते. म्हणून देणं फेडणाऱ्याला पुण्य मिळत नाही, आभारही मिळत नाहीत, आणि मागणारा याचक होत नाही. टिपेला मी आता "देणी" हे शीर्ष दिलं आहे. त्यामुळे केव्हा आणि किती, हेही बरंचसं सुटतं. केव्हा? काम झाल्यावर, आणि जिथं माझ्यामुळे ठरल्यापेक्षा जास्त ओझं पडलं किंवा जिथं ठरलेलं मोल पोटाला पुरत नाही हे मला माहीत आहे तिथं. किती? ओझ्याच्या मापानं, आणि आधी ठरवून. जिन्याला मजल्यामागं दहा. हॉटेलात दहावा हिस्सा, वेटर हसला तरी आणि घुम्यासारखा वाढून गेला तरी. त्याच्या चेहऱ्याचे गुण मी देत नाही. आमटी थंड होती तर ते मी मॅनेजरला सांगते, वेटरच्या पन्नासातून कापत नाही. बाळंतपणाला मुलगा-मुलगी एकच दर. दिवाळीची पोस्त सफाईवाल्याला, पेपरवाल्याला, वॉचमनला धनत्रयोदशीच्या आत, त्यांना बेल वाजवून उभं राहायला लागण्याआधी.

वन्संची शेवटची हरकत राहिली आहे आणि ती वजनदार आहे. "तू दिलेस की सगळ्यांकडून अपेक्षा होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आज्जी हजार-दीड हजारांच्या पेन्शनवर राहतात. त्यांनी काय करायचं?" खरं आहे. ज्याचंच भागत नाही त्याच्यावर हे देणं चढवायचा मला अधिकार नाही. आणि मी भागवत राहिले की एजन्सीवाल्याला जिन्याचा दर लावायची गरज उरत नाही, हेही खरं. माझे तीस रुपये त्या मुलाचं आजचं भागवतात आणि उद्याचा प्रश्न लांबवतात. म्हणून मी एजन्सीत जाऊन विचारते, लिफ्ट नसलेल्या इमारतींचा दर वेगळा का नाही. हॉटेलात गल्ल्यावर विचारते, टिपेचा डबा सगळ्यांत वाटला जातो का, आत भांडी घासणाऱ्याला त्यातलं मिळतं का. त्याचं तोंड मला कधी दिसत नाही, माझं खरकटं मात्र त्याला रोज दिसतं. गल्ल्यावरचे लोक वैतागतात. पेन्शनर बाईला वेळ भरपूर असतो, हे त्यांना एव्हाना कळलं आहे.

आणि स्वतःसाठी एक तपासणी मी ठेवली आहे. ऑडिटर मीच असल्यामुळे ती कडक असलेली बरी. उद्या मालकानं फलक लावला की इथं टिप घेतली जात नाही, कामगारांचा पगार तेवढा वाढवला आहे आणि थाळी दहा टक्क्यांनी महाग केली आहे, तर माझ्या खिशातून जातील ते पैसे तेवढेच. बशीत काही ठेवायचं नाही, कुणी वाकून "थँक्यू, मॅडम" म्हणायचं नाही. तेव्हा मला काही गमावल्यासारखं वाटलं, तर मी इतके दिवस देणं फेडत नव्हते. पन्नास रुपयांत सलाम विकत घेत होते आणि वहीत त्याला धर्माचं नाव देत होते.